हाऊ ते मना आवाज शे ना?

पत्राचा सारांश : धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून तेवीस वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. दिवसा तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, रात्री लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ उघडून संगीत करतो. तीन वर्षांपूर्वी कानबाईच्या (खान्देशात श्रावणात पुजली जाणारी देवी) जागरणात गल्लीतल्या एका वयस्कर मावशींचं गाणं त्याने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. मागे चार-पाच बायकांचा सूर, टाळ्या आणि ढोलकी. यंदा त्यातली सात सेकंदांची ओळ त्याने कापली, आवाज थोडा खाली उतरवला, खाली बीट घातला आणि वीसेक वर्षांपूर्वीच्या एका अहिराणी कॅसेटवरचा ढोलाचा तुकडा जोडला. रील चालली. हळदीच्या मांडवात डीजेवाले ती वाजवू लागले. आता एक डीजे ‘ट्रॅकचे सगळे हक्क’ पंधरा हजारांना मागतो आहे. मधल्या काळात मावशींच्या भाच्याने त्यांना रील ऐकवली. त्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, “हाऊ ते मना आवाज शे ना?” (हा तर माझाच आवाज आहे ना?) आणि आत निघून गेल्या. तेव्हापासून हा मुलगा त्या गल्लीतून जात नाही. तो विचारतो : माझं काय चुकलं? मित्र म्हणतात लोकगीत आहे, कुणाच्या बापाचं? सात सेकंदच तर घेतले, तेही बदलून. श्रेय दिलं तर भागेल का? आणि प्रत्येक वेळी परवानगी मागत बसलो तर संगीत कधी करायचं? (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

---

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा ट्रॅक चारदा ऐकला. तू न विचारलेलं आधी सांगते : काम चांगलं झालंय. बेस जरा अंगावर येतो, पण तुझ्या वयात तो सगळ्यांचाच येतो. मावशींचा आवाज सुरुवातीला एकटा येतो, मग अर्धा श्वास थांबून किक, म्हणजे बीटमधला जाड ठोका, पडते, तिथे माझ्या अंगावर काटा आला. मी जळगावची, पुण्यात वीस-बावीस वर्षं हेडफोन लावून बसलेली बाई. काटा सहजासहजी येत नाही. तू तेवीस वर्षांचा आहेस म्हणून अरे-तुरे करते आहे, राग मानू नकोस.

मित्रांच्या वाक्यापासून सुरू करू, कारण तुझे बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यावर उभे आहेत. लोकगीत आहे, कुणाच्या बापाचं? हे अर्धं खरं आहे. कानबाईची ती चाल मावशींनी बांधलेली नाही, त्यांच्या सासूनेही नाही. शब्द तर घरागणिक बदलतात. माझ्या माहेरी तेच गाणं वेगळ्या ओळीने उठतं. त्या चालीवर आणि शब्दांवर कोणाची मालकी नाही, असूही नये. उद्या तू स्वतः ते गाणं गाऊन ट्रॅक केलास, तर तुला अडवणारा कोणी नाही.

पण तू स्वतः गायला नाहीस. का नाही गायलास, हे स्वतःला विचार. चाल तुला पाठ आहे. तुझ्या बहिणीलाही येत असेल. तरी तुला तीन वर्षांपूर्वीची ती फोनमधली फाइलच हवी होती, कारण वरच्या सुरावर जाताना मावशींचा आवाज किंचित फाटतो, आणि फाटल्यावरही त्या माघार घेत नाहीत. रील चालली ती त्या जागेमुळे. म्हणजे गाण्यातलं जे बिनमालकाचं होतं ते तुला पुरलंच नाही. जे तुला पुरलं ते एका बाईचं होतं. गाणं गावाचं, गळा तिचा.

कायदाही इथे साधारण हेच म्हणतो, आणि ते ऐकून तुझ्या मित्रांना जरा आश्चर्य वाटेल. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. एका रेकॉर्ड झालेल्या गाण्यात तो वेगवेगळे हक्क पाहतो : शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा. पहिले दोन तुझ्या बाबतीत मोकळे आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करणाऱ्याचा असतो. फोन तुझा होता, तेव्हा तो गमतीशीरपणे तुझ्याकडेच येतो. अडतं ते शेवटच्या ठिकाणी. जागरणात लोकांसमोर गाणारी बाई आणि मुंबईच्या स्टुडिओत गाणारी पार्श्वगायिका यांच्यात हा कायदा भेद करत नाही. दोघीही ‘सादरकर्त्या’. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर हे आणखी स्पष्ट झालं : आपल्या सादरीकरणाचं रेकॉर्डिंग करू द्यायचं की नाही, ते लोकांपर्यंत पोचवू द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क सादरकर्त्याचा. तो पन्नास वर्षं चालतो. शिवाय आपलं नाव लावलं जावं आणि आपलं गाणं आपल्या लौकिकाला धक्का बसेल असं मोडतोड करून वापरलं जाऊ नये, असे दोन नैतिक हक्कही त्याला आहेत. मागे सूर धरणाऱ्या त्या चार-पाच बायकाही यात आल्या. ढोलकीवालाही आला.

स्वतःपुरतं रेकॉर्डिंग केलं तर त्यात गुन्हा नाही, तशी सवलत त्याच कायद्यात आहे. म्हणजे तीन वर्षांपूर्वी फोन पुढे धरलास ते चुकलं नाही. तीन वर्षं ते रात्री ऐकत राहिलास तेही नाही. घरी बसून त्याचे तुकडे करून शिकलास, तेही नाही. ‘अपलोड’ दाबलंस तिथे रस्ता बदलला.

आता तुला तैवानची एक गोष्ट सांगते, कारण मावशींचं ते वाक्य वाचल्यावर मला तीच आठवली. तिथल्या आमिस या आदिवासी समाजातले दिफांग नावाचे शेतकरी आणि त्यांची पत्नी इगाय पारंपरिक गाणी गायचे. १९८८ मध्ये ते इतर कलाकारांबरोबर फ्रान्सला गेले, तिथे त्यांचं गाणं रेकॉर्ड झालं, पॅरिसच्या एका सांस्कृतिक संस्थेने ते प्रसिद्ध केलं. नव्वदीत एनिग्मा या संगीतप्रकल्पाने त्यातला आवाज उचलून एक पॉप गाणं केलं. ते जगभर गाजलं, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या जाहिरातीतही वाजलं. दिफांग यांना यातलं काही माहीत नव्हतं. कानावर पडल्यावर त्यांनी आवाज ओळखला. त्यांचाच होता. पुढे खटला झाला आणि १९९९ मध्ये तडजोड होऊन त्यांना श्रेय आणि मोबदला मिळाला. यातली खरी गोम अशी की एनिग्माच्या लोकांनी रेकॉर्डिंगचे हक्क त्या संस्थेकडून पैसे देऊन घेतले होते. चोरी करायची म्हणून कोणी केली नव्हती. टेप ज्याच्या कपाटात होती त्याला विचारलं, गळा ज्याचा होता त्याला विचारायचं राहून गेलं.

तुझ्या गोष्टीत कपाटही तुझंच आहे, एवढाच काय तो फरक. परवानगी तू स्वतःची स्वतःला दिलीस.

“हे परदेशातलं झालं,” असं म्हणशील. मग आपल्याकडचं घे. २००२ मध्ये अमेरिकेत एक आर अँड बी गाणं गाजलं, ज्याच्या पोटात १९८१ च्या एका हिंदी चित्रपटातलं लताबाईंचं गाणं होतं, संगीत बप्पी लाहिरींचं. न विचारता घेतलेलं. लाहिरी कोर्टात गेले आणि २००३ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की त्यांचं नाव छापल्याशिवाय ती सीडी विकायची नाही. तेव्हा आम्ही स्टुडिओत टाळ्या वाजवल्या होत्या. बघा, आपल्या माणसाने गोऱ्यांना धडा शिकवला! त्याच महिन्यात मी एका जिंगलमध्ये एका वासुदेवाचा आवाज टाकला होता. रस्त्यावर रेकॉर्ड केलेला, नाव न विचारता. त्याला दहा रुपये दिले होते आणि आपण उदार आहोत असं वाटलं होतं. पुढे ती जिंगल वर्षभर रेडिओवर वाजली. त्या माणसाला मी नंतर शोधलं, सापडला नाही. तुझी मावशी तुझ्याच गावात राहते. नशीबवान आहेस.

आपल्या खान्देशाला या बाबतीत एक जुना चांगला धडा मिळालेला आहे, तो आपण विसरतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या जे बोलून-गाऊन गेल्या ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी कागदावर उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. कल्पना कर, सोपानदेवांनी तीच वही ‘खान्देशातील स्त्रीगीते’ म्हणून छापली असती. कोणाला खोटं वाटलं नसतं. बोली तीच, जातं तेच, ओवीचा छंद तोच. आज आपण त्यांना नावाने ओळखतो, ते ऐकणाऱ्याने नाव लावलं म्हणून. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. तिथेही ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव टिपलेलं आहे. लोकगीत आहे म्हणून गाणारी निनावी, असा कुठे नियम नाही. तो आळस आहे.

(बहिणाबाईंचा विषय निघालाच आहे तर बाकीच्या वाचकांसाठी : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालं असेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं, असा आपला हिशेब असतो. म्हणजे त्यांचे शब्द आता सगळ्यांचे आहेत. पण त्या शब्दांना पुढे कोणी लावलेली चाल आणि त्या चालीचं रेकॉर्डिंग हे वेगळे हक्क. शब्द घ्या, चाल तुमची करा.)

सात सेकंदांचं काय? ‘पाच सेकंदांपर्यंत चालतं’, ‘आठ मात्रांपर्यंत चालतं’, ‘पिच (सुराची उंची) बदलला की सापडत नाही’, हे मी कॅसेटच्या काळापासून ऐकत आले आहे. आपल्या कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट लिहिलेली नाही. अमेरिकेत या सेकंदांवरून दोन कोर्टांचं आपसात जमलं नाही. २००५ मध्ये एका कोर्टाने गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यावरून निकाल दिला : परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा वापरू) नका. तो तुकडा पिच उतरवून आणि लूप करूनच, म्हणजे पुन्हापुन्हा जोडून, वापरला होता; पिच तर अगदी तुझ्यासारखा उतरवून. २०१६ मध्ये दुसऱ्या कोर्टाने ब्रास वाद्यांच्या ०.२३ सेकंदाच्या एका ठोक्याबाबत म्हटलं की इतकं क्षुल्लक चालतं, सामान्य ऐकणाऱ्याला ते ओळखूही येणार नाही. तुझ्या सात सेकंदांत एक अख्खी ओळ आहे, आणि ज्या बाईला ओळखू यायला नको होतं तिने पहिल्या झटक्यात ओळखलं. मोजायचंच असेल तर हे मोज.

कॅसेटवरच्या ढोलाबद्दल मी फार बोलणार नाही, कारण तिथे फार बोलण्यासारखं काही नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली निघालेल्या तबकडीचा २०२० अखेर संपला. वीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटचा तुझे केस पांढरे होईपर्यंत संपणार नाही. ती कंपनी बंद पडली असेल तरी हक्क कोणाकडे तरी गेलेला असतो. तो तुकडा काढून टाक. ढोलाचा ठेका कोणाच्या मालकीचा नसतो, फक्त ते रेकॉर्डिंग असतं. तुमच्या तालुक्यात ढोल वाजवणारे कमी आहेत का? लग्नाचा हंगाम नसताना एखाद्याला गाठ, त्याची एका कार्यक्रमाची जी बिदागी असेल ती दे, आणि अर्धा तास वाजवून घे. कॅसेटवरच्या त्या तुकड्यात तुला जे आवडलं ते बहुधा टेपची घरघर आणि दबलेला आवाज असणार. तो तुला नव्या रेकॉर्डिंगवर प्लगइनने आणता येतो. किंवा जुना टेपरेकॉर्डर मिळाला तर त्यातून एकदा काढ, जास्त खरा वाटतो.

आता मावशी.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की त्या ‘रागावल्या’. पण तू उद्धृत केलेल्या वाक्यात मला राग दिसला नाही. तो प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. राग असेलही. लाज असेल. किंवा थोडा आनंद असेल आणि तो भाच्यासमोर दाखवायचा नसेल. कानबाईचं गाणं हळदीत, पिऊन नाचणाऱ्या पोरांत वाजतंय हे त्यांना कळलं असेल आणि तेच टोचलं असेल. आपण दोघं इथे बसून हे ठरवू शकत नाही. तुझी खरी भीती पैशाची किंवा कोर्टाची नाहीये असं मला वाटतं. त्या ‘नको’ म्हणतील, ही आहे.

त्या नको म्हणू शकतात. हे धरूनच जा. परवानगी मागायला जायचं म्हणजे ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून जायचं, नाहीतर ते फक्त कळवायला जाणं झालं.

तू विचारलंस श्रेय दिलं तर भागेल का. रीलखाली ‘आवाज : अमुक मावशी’ लिहिणं चांगलंच आहे, पण न विचारता लावलेलं नाव कधीकधी बिननावापेक्षा वाईट. त्यांना देवीच्या गाण्यासोबत, त्या मांडवासोबत आपलं नाव नकोच असेल तर? आधी विचारणं, मग नाव. जाताना एकटा जा, भाच्याला किंवा डीजेला सोबत नेऊ नकोस. चार माणसांत वयस्कर बाई ‘हो’ म्हणून टाकते. फक्त रील ऐकवू नकोस. तीन वर्षांपूर्वीचं ते मूळ रेकॉर्डिंग, पूर्ण, न कापलेलं, आधी ऐकव. त्या रात्री सूर धरणाऱ्यांपैकी कोणी आता हयात नसेल तर त्या रेकॉर्डिंगची किंमत तुझ्या ट्रॅकहून फार मोठी आहे. त्याची एक प्रत त्यांच्या घरच्यांच्या फोनमध्ये टाकून दे, काही ठरो वा न ठरो. मग सांग तू काय केलंस, कुठे वाजतंय, किती जणांनी ऐकलं, कोण किती पैसे देतोय. आकडा लपवू नकोस. आणि विचार : यातलं काय चालेल, काय नाही? कदाचित त्या म्हणतील, देवीचं नाव येतं तेवढी ओळ नको, दुसरी घे. ही अट नाही समज, ही संगीतातली मदत समज. त्यांना ते गाणं तुझ्याहून जास्त माहीत आहे.

हो म्हणाल्या तर तोंडी सोडू नकोस. वकिली भाषा नको. साध्या मराठीत एक पान लिही : कुठलं गाणं, कधी रेकॉर्ड झालं, कुठे कुठे वापरणार, नाव कसं लावायचं, आता किती रक्कम, पुढे उत्पन्नातला किती वाटा, आणि जाहिरातीत किंवा चित्रपटात कोणी मागितलं तर पुन्हा विचारणार. मोठ्याने वाचून दाखव, अहिराणीत समजावून सांग, एक दिवस घरात ठेवू दे, मग सही. एक प्रत त्यांच्याकडे. वाट्याचा आकडा मी ठरवू शकत नाही, पण माझं मत देते : ज्या ट्रॅकमधून आवाज काढला तर काहीच उरत नाही, त्यात आवाजाचा वाटा निम्म्याहून कमी का असावा, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही. मागच्या बायकांनाही काहीतरी गेलं पाहिजे. ते कसं वाटायचं हे त्यांनाच ठरवू दे. कानबाईला रोटाच्या प्रसादाचा हिशेब बिनचूक करणाऱ्या बायका आहेत त्या, पैशाचाही करतील.

डीजेला मात्र ‘सगळे हक्क’ मुळीच विकू नकोस. जे तुझ्याकडे नाही ते तू विकणार कसं? वाजवायची परवानगी दे, मावशींचा होकार आल्यावर, तेवढीच. आणि ट्रॅक ॲपवर चढवणाऱ्या कंपन्या एक चौकट देतात, ‘यातले सर्व हक्क माझे आहेत’ अशी. ती डोळे मिटून टिक करायची सवय पोरांना लागली आहे. त्यातही एक चौकट फार जपून बघ : यूट्यूबच्या कंटेंट आयडीची. ही यंत्रणा तुझ्या ट्रॅकचा ठसा घेऊन जगभरातल्या व्हिडिओंत तो आवाज शोधते आणि सापडला की दावा ठोकते. समज, त्या भाच्याकडे त्याच जागरणाचा व्हिडिओ आहे आणि पुढच्या श्रावणात त्याने तो चढवला. मावशींच्या स्वतःच्या गाण्यावर तुझ्या नावाने दावा लागू शकेल! यूट्यूबचा नियमच असा की ज्या सामग्रीचे हक्क फक्त तुमच्याकडे आहेत तीच तिथे नोंदवावी. कोणाच्याच मालकीचं नसलेलं गाणं किंवा रेकॉर्डिंग, सगळ्यांना विकलेल्या सॅम्पल पॅकमधले (तयार तुकड्यांच्या संचातले) लूप, ही त्यात बसत नाहीत. ती चौकट रिकामी ठेव.

सॅम्पल पॅकवरून आठवलं, कारण बऱ्याच जणांची पत्रं त्याबद्दल असतात. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे आणि बिनशर्तही नव्हे. विकत घेतल्यावर दर वेळी पैसे द्यायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. टेलिग्रामवर मिळालेला पॅक कोणाचाच परवाना देत नाही. फ्रीसाउंड नावाचा बार्सिलोनाच्या विद्यापीठाने २००५ पासून चालवलेला संग्रह चांगला आहे, पण तिथेही प्रत्येक आवाजाखाली लिहिलेलं वाचा : काही पूर्ण मोकळे, काहींना नाव द्यावं लागतं, काही कमाईसाठी चालत नाहीत. कुठला तुकडा कुठून आला याची एक वही ठेवा. मोबाइलच्या दुकानात तुम्ही ग्राहकाच्या फोनवर चिठ्ठी लावताच की.

आता तुझा शेवटचा प्रश्न, ज्यात मला सगळ्यात जास्त रस आहे. परवानगी मागत बसलो तर संगीत कधी करायचं?

मला वाटतं, विचारायचं ठरवलंस की कान बदलतो. न विचारता घेतलेला तुकडा लपवायचा असतो, म्हणून तू पिच खाली उतरवलास. पत्रात तू लिहिलंस ‘वेगळा वाटावा म्हणून’. चार वेळा ऐकून सांगते, उतरवल्याने तो बिघडला आहे. त्या फाटण्यातली धार गेली. लपवायची गरज नसती तर तू हे केलंच नसतं. आणि मावशींना तू ग्रिडवर, म्हणजे एफएलच्या समान अंतराच्या ठोक्यांवर, ठोकून बसवलं आहेस. बायका गाताना लय किंचित पुढे-मागे होते, ओळीच्या शेवटी रेंगाळते, मग पुढची ओळ जरा घाईने धरतात. ती चूक नाही, तो त्यांचा श्वास आहे. बीटला त्यांच्यामागे चालव. एफएलमध्ये टेम्पो ऑटोमेट करता येतो. ओळीओळीला ठोके मोजून लाव, एक संध्याकाळ जाईल. नाचणाऱ्यांना फरक कळणार नाही, फक्त पाय वेगळे पडतील. सुराचंही तसंच. त्यांची पट्टी तुझ्या सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) काळी-पांढरीत बसत नाही म्हणून आवाज ओढू नकोस. सिंथला फाइन ट्यूनने दहा-वीस सेंट्स (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) इकडे-तिकडे सरकव. पाहुणे सिंथ आहेत, घर त्यांचं आहे.

आणि पुन्हा रेकॉर्ड कर, त्यांची इच्छा असेल तर. या वेळी फोन समोर ठेवून, सांगून. जुन्या फोनची फाइल एमफोर-ए असणार, त्यातले वरचे बारीक आवाज आधीच दाबलेले असतात. ॲपमध्ये वॅव्ह (न दाबलेली फाइल) निवड, ४८ किलोहर्ट्झ. पंखा बंद. फोन तोंडापासून दीड-दोन फुटांवर, जरा बाजूला, म्हणजे श्वास आदळणार नाही. आधी गप्पा होऊ देत, पहिलं गाणं नेहमी अवघडलेलं असतं, तिसरं खरं. गाण्याव्यतिरिक्तचंही घे : बांगड्या, ‘नही व माय, असं नही’ म्हणून एकमेकींना थांबवणं, त्यानंतरचं हसू. तुझ्या ट्रॅकला जो ब्रेक हवा आहे तो तिथे आहे. स्वयंपाकघरात वांग्याचं भरीत लाकडी बडगीत ठेचतात त्याचा ठोका कधी रेकॉर्ड केलास? कुठल्याही पॅकमधल्या किकपेक्षा ओला आणि जाड. खापरावर मांडा टाकताना होणारा तो एक आवाज, कापसाच्या जिनिंगमधल्या पट्ट्याची एकसुरी घरघर, रात्री लांबून येणारी मालगाडी. भांड्यांच्या-यंत्रांच्या या आवाजांना कोणाच्या सहीची गरज नाही.

स्टुडिओ नाही म्हणून कुरकुर करू नकोस. हंगामात तुमच्याकडे घराघरात कापूस भरलेला असतो. तीन भिंतींना कापसाचे ढीग असलेली खोली ही गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी मी पाहिलेल्या उत्तम जागांपैकी एक आहे. आवाज भिंतीवर आदळून परत येतच नाही, जिथल्या तिथे विरतो. पुण्यात यासाठी आम्ही फोमच्या लाद्यांवर हजारो रुपये घातले. फक्त मावशींना त्या खोलीत बसवण्याआधी खाली जाड चादर अंथर आणि अर्ध्या तासाच्या वर थांबवू नकोस. कापसाने अंगाला खाज फार सुटते.